एक्केचाळीस नंबरच्या मागची टकटक

मी, खाली सही करणार हिबिनो कानेजिरो, वय वर्षे त्र्याऐंशी, राहणार नागोया, निशी वॉर्ड, धंदा पूर्वी पाचिन्कोच्या, म्हणजे पोलादी गोळ्या उडवून खेळायच्या जुगाराच्या, पेट्यांचे खिळे लावणे आणि आता जुन्या पेट्या दुरुस्त करणे, असे लिहून ठेवतो की माझी अक्कल शाबूत आहे. हात थरथरतात, पण फक्त चहाचा कप धरला की. हातोडी धरली की थांबतात. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत उतरलो आणि म्हटले, आता तुम्ही करून दाखवा. त्यांनी शिक्का मारला.

हे मृत्युपत्र नोटरीसाहेबांच्या कचेरीत दोन साक्षीदारांसमोर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचले जाईल. कायदाच तसा आहे. वाचन संपेपर्यंत कोणीही उठून जाऊ नये, ही माझी विनंती. का, ते आठव्या कलमात कळेल.

कलम १. राहते घर, मागचे अंगण आणि अंगणातली पत्र्याची कार्यशाळा माझी एकुलती एक मुलगी मियोको हिला मिळावी. जावईबापू हिदेनोरी यांना कार्यशाळा पाडून तिथे गाडी लावायची आहे, हे मला ठाऊक आहे. नववर्षाला आले होते तेव्हा ते पावलांनी अंगण मोजत होते आणि मी पाहिले तर म्हणाले, "नाही, जरा पाय मोकळे करतोय." पाय मोकळे करणारा माणूस तोंडाने आकडे म्हणत नाही, बापू. माझ्यानंतर तीन वर्षे कार्यशाळेला हात लावायचा नाही. त्यानंतर तुमची गाडी आणि तुम्ही.

कलम २. टपाल कचेरीतल्या खात्यात जे असेल ते मियोकोचेच. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. हत्यारे. ही सगळी माझ्या हातची आहेत. एकही विकत घेतलेले नाही, कारण विकत मिळतच नाही. ज्या कारखान्यांनी या पेट्या बनवल्या ते केव्हाच बंद पडले. आता जुन्या पेटीला हवे ते हत्यार ज्याचे त्याने करून घ्यायचे. ही सर्व हत्यारे इसोगाई सातोको यांना द्यावीत. सातोकोबाई बावन्न वर्षांच्या आहेत, महापालिकेची बस चालवतात आणि गेली सहा वर्षे सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे काम शिकायला येतात. मियोको त्यांच्याबद्दल जे मनात आणते ते तिने आणू नये. बाई येतात त्या खिळ्यांसाठी.

यादी पुढीलप्रमाणे.

हातोडी, डोके पितळी, जुन्या नळाच्या चावीतून घासून काढलेले, दांडा चेरीच्या लाकडाचा. (दांड्याबद्दल कलम ६ पाहावे.)

माप-काड्या सात. सायकलच्या चाकाची तार घेऊन तिच्या टोकाला पाचिन्कोची गोळी झाळून बसवली आहे. सातही गोळ्या केसाकेसाच्या फरकाने घासलेल्या आहेत. दोन खिळ्यांमधून कोणती गोळी जाते आणि कोणती अडते, यावर पेटी दिलदार की कंजूष ते ठरते.

छत्रीच्या काडीचा आकडा, अडकलेली गोळी काढायला. दातांच्या डॉक्टरचा चिमटा, तोंड घासून बारीक केलेला, गंजका खिळा फळी न फाडता उपटायला. शिलाई यंत्राचे हातचाक, त्यावर स्प्रिंगा वळतात. सूपच्या वाटीच्या लाकडी झाकणातून कोरलेला साचा, गोळ्या झेलणाऱ्या सेल्युलॉइडच्या पाकळ्या कोमट पाण्यात मऊ करून बसवायला. हा साचा करताना माझ्या बायकोने, तोमिएने, चार दिवस उघडे सूप वाढले आणि पाचव्या दिवशी माझ्यापुढे नुसते झाकण ठेवले.

सातोकोबाई, एकच गोष्ट परत सांगतो. खिळा वाचल्याशिवाय वाकवायचा नाही. प्रत्येक खिळ्यात त्याला शेवटचा हात लावणाऱ्याचे मन असते. तो डावखुरा होता का, घाईत होता का, मालकाला भीत होता का, सगळे दिसते. तुम्ही सरळ केलात की तो माणूस गेला.

कलम ४. कार्यशाळेत नऊ पेट्या आहेत. उभी लाकडी पेटी, पुढे काच, आत खिळ्यांचे रान, खाली गोळ्यांची थाळी आणि उजव्या हाताला खटका. नऊपैकी एक शेजारचे टोफूवाले बान्नो यांना द्यावी, त्यांना ती आवडते आणि त्यांनी कधी मागितली नाही. सात सातोकोबाईंना. क्योतोचे ते संग्राहक गृहस्थ, ज्यांनी माझ्याकडून नेलेल्या पेटीचे सगळे खिळे एका रेषेत सरळ करून वर रंग फासला, त्यांना माझ्या घरातला एक खिळाही मिळू नये. शोकाला आले तर चहा द्यावा.

नववी पेटी म्हणजे एक्केचाळीस नंबर. तिचे वेगळे कलम आहे.

कलम ५. एक्केचाळीस नंबरची पेटी दक्षिण नागोयातल्या 'कामोमे' नावाच्या दुकानातली आहे. ते दुकान आता नाही. मी तिथे तेविसाव्या वर्षी खिळेवाला होतो. दुकान उघडायच्या आधी, सकाळी, मी एकेका पेटीची काच उघडून खिळे लावायचो आणि पाठीमागून माझी धाकटी बहीण फुसाए गोळ्या भरायची. ती एकोणीस वर्षांची होती. पेट्यांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या असत आणि मध्ये खांद्याएवढी रुंद बोळकांडी. मुली दिवसभर त्या बोळकांडीत धावत, वरून गोळ्या ओतत. गिऱ्हाइकाला त्या दिसत नसत. गोळ्या संपल्या की गिऱ्हाईक काचेवर टकटक करायचे. मागून मुलगी फळीवर दोनदा टकटक करायची, म्हणजे 'भरतेय, थांबा'.

या पेटीच्या मागच्या फळीवर फुसाएच्या हातचे पेन्सिलीने लिहिलेले आहे: "दादा, ४१ फार कंजूष. डावीकडचा एक खिळा सोड ना. किती रे चिकट तू!" पुराच्या पाण्यात रंग गेला, कागद गेले, पेन्सिल राहिली. हे पुसायचे नाही. ओल्या फडक्याने तर नाहीच.

या पेटीचे खिळे मी साठ वर्षांत हलवलेले नाहीत. २६ सप्टेंबर १९५९ च्या सकाळी जसे लावले तसेच आहेत. डावीकडचा तो खिळाही सोडला नाही.

आता सांगायचे ते हे. रोज सकाळी मी कार्यशाळेचे दार सरकवले की थोड्या वेळाने या पेटीच्या मागून टकटक होते. दोनदा. मी मागची फळी काढून पाहिली आहे, उंदीर नाही. स्प्रिंग बदलली, तारेची जाळी बदलली, पेटी भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढली. मियोको म्हणते, "बाबा, ऊन लागून लाकूड तडकत असेल." पावसाळी दिवशीही तडकते का गं? सातोकोबाईंनी पहिल्यांदा ऐकले तेव्हा हातातली माप-काडी खाली ठेवून विचारले, "उस्ताद, मागे कोणी आहे का?" मी म्हटले, "गोळ्या भरतेय." त्यांनी पुढे काही विचारले नाही. म्हणूनच ही पेटी त्यांना. टकटक झाली की घाबरू नये. थांबावे.

कलम ६. माझे दहन साधेपणाने करावे. शवपेटीत माझ्याबरोबर धातूचे काही ठेवू देत नाहीत, तेव्हा हातोडीचे डोके सातोकोबाईंकडे आणि दांडा माझ्याबरोबर. डोक्याला नवा दांडा बाईंनी आपल्या हाताच्या मापाने करावा. माझा दांडा त्यांच्या हातात नाहीतरी मोठाच होता.

देव्हाऱ्यात फुसाएचा फोटो आईच्या आणि तोमिएच्या मध्ये आहे. तो हलवू नये. मला शेजारी जागा नसेल तर मला खालच्या पायरीवर ठेवावे.

कलम ७. माझे मित्र कुझे मुनेओ, वय शहाऐंशी, यांना मी काहीही ठेवत नाही. एक गोळीसुद्धा नाही.

हे ऐकून बान्नो चमकतील, मियोको तर रागावेलच. मुनेओ गेली वीस वर्षे रोज सकाळी अंगणाच्या फाटकातून माझ्या कार्यशाळेत येतो, खुर्ची ओढतो आणि कोंड्याच्या पिशवीत घालून गोळ्या घासत बसतो. तोंडाने चालूच असते. "काने, हे सगळं तू मेल्यावर भंगारवाल्याकडे जाणार बघ." मी म्हणतो, "तू आधी जाणार, तीन वर्षांनी मोठा आहेस." तो म्हणतो, "मला कोण नेतोय! तोवर ही मोडकी खुर्ची तरी बदलून दे." असा माणूस. आणि त्याला मी काही ठेवत नाही.

कारण हे की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याला त्या मृत्युपत्राचा साक्षीदार होता येत नाही. मुनेओ साक्षीदार हवा आहे. साक्षीदाराला सगळे ऐकावे लागते, मी समोर बसलेलो असताना. साठ वर्षांत त्याला तोंडाने सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून हा आडवळणाचा रस्ता. भित्रा माणूस कायद्याचा आधार घेतो, दुसरे काय.

कलम ८. मुनेओ, आता ऐक.

कामोमेत गोळ्या चोरीला जात होत्या. मागच्या मुली ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या थाळीत हळूच पसाभर गोळ्या जास्त सोडतात, असा मालक ओगिसोंना संशय होता. म्हणून बोळकांडीच्या दाराला बाहेरून कडी बसवली होती आणि ती लावायची-काढायची जबाबदारी तुझी होती. एक्केचाळीस नंबर दाराला लागून होती. कोणाला बाहेर यायचे असले की मुली तिच्याच फळीवर टकटक करायच्या आणि तू कडी काढायचास. तू बहुतेक वेळा लावायचासच नाहीस. "मुली आहेत, बैल नाहीत," असे तू ओगिसोंच्या तोंडावर म्हणाला होतास. फुसाए ते घरी येऊन सांगायची आणि आई तिच्याकडे बघून हसायची. तुमचे काय चालले होते ते आम्हाला माहीत होते.

ओगिसो माझ्याजवळ कुरकुरले की मुनेओ कडी लावत नाही. मला हत्यारे करायचा नाद तेव्हापासूनच. मी म्हटले, करतो काहीतरी. तुटलेल्या खटक्याची स्प्रिंग घेतली, पट्टी वाकवली, तोंड घासून उतरते केले आणि एक अशी कडी केली की दार लोटले की ती आपोआप पडावी. लावायला माणूस नको. आतून उघडता येणार नाही. माझ्या हाताने केलेले ते पहिले हत्यार. इतके छान जमले होते की मी शंभर वेळा पाडून पाहिले.

ती मी २६ सप्टेंबरच्या सकाळी, खिळे लावून झाल्यावर, जुनी काढून तिच्या जागी बसवली. कोणाला सांगितले नाही; दिवसभर तू दार सताड उघडेच ठेवायचास, म्हणून तुझ्याही लक्षात आले नाही. सोमवारी ओगिसोंना दाखवून शाबासकी घ्यायची होती. मग वादळ येणार म्हणून अर्ध्या दिवसाने मी घरी गेलो.

पुढचे तू आईपुढे गुडघे टेकून सांगितलेस ते सगळे मला पाठ आहे. संध्याकाळी बाकीच्या मुली गेल्या. फुसाए गोळ्यांच्या पेट्या वरच्या फळीवर चढवायला आत राहिली. तू तिला म्हणालास, "दार उघडं ठेवलंय, आटोप आणि ये," आणि पुढच्या दाराला फळ्या ठोकायला गेलास. वाऱ्याने दार हलत होते म्हणून तू ते नुसते लोटलेस. मग समुद्र आत आला, लाकडाच्या वखारीतले ओंडके भिंती फोडत आले आणि तू वाहून जाऊन सकाळपर्यंत विजेच्या खांबाला धरून राहिलास. आठव्या दिवशी तिला काढले तेव्हा दाराला कडी लागलेली होती. तू म्हणालास, "मी नव्हती लावली." मग दुसऱ्या दिवशी म्हणालास, "लावली नव्हती असं वाटतंय." तिसऱ्या दिवशी आईच्या पायाशी पडून म्हणालास, "मीच लावली असणार. हाताला सवय असते."

मुनेओ, तू नव्हती लावलीस. ती माझी कडी आपोआप पडली.

मी आईच्या शेजारीच बसलो होतो. कडी माझ्या जेवणाच्या डब्यात होती. नवव्या दिवशी पाणी कमरेखाली आले तेव्हा मी एकटा जाऊन ती काढून आणली होती. चिखल पुसून पाहिली, तेव्हाही सुरेख पडत होती. मी तोंड उघडले नाही. आईने तुला सांगितले की या घरात पाऊल टाकायचे नाही, तिला उदबत्ती लावायची नाही. मी तेव्हाही तोंड उघडले नाही. आई १९८३ साली गेली. तेव्हा मी तुला म्हटले, आता आत ये. तू म्हणालास, "त्यांनी ये म्हटलेलं नाही." दर वर्षी २६ सप्टेंबरला तू पुढच्या दाराबाहेर रस्त्यावर टोपी काढून उभा राहतोस, आणि मी आत उदबत्ती लावतो. लग्न केले नाहीस. मला त्याची लाज वाटते असे लिहिले तर ते फार थोडे होईल. मला माझी किळस येते.

कलम ५ मध्ये टकटक दोनदा होते असे मी लिहिले आहे. ते खोटे आहे. तिथे 'दोनदा' च्या जागी 'तीनदा' असे वाचावे. तीनदाचा अर्थ सातोकोबाईंना माहीत असायचे कारण नाही. मला आहे. तीनदा म्हणजे 'दार उघडा, बाहेर यायचंय'.

कलम ९. ती कडी कार्यशाळेत, माझ्या कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्यात आहे. वाचनाच्या वेळी मी ती कचेरीत बरोबर आणेन. तिचे काय करायचे ते मला ठरवता आलेले नाही. हे कलम मोकळे ठेवतो.

याखेरीज मला काही सांगायचे नाही.

वाचनानंतरची नोंद (नोटरीसाहेबांच्या परवानगीने, हिबिनो कानेजिरो यांच्या हस्ताक्षरात).

कोणी मध्ये उठले नाही. आठवे कलम वाचताना नोटरीसाहेबांनी दोनदा पाणी मागितले. 'तीनदा' या शब्दाला मुनेओने मान हलवली.

"तीनच," तो म्हणाला. "मी पण मोजतो रोज. मला वाटायचं, मला बोलावतेय. तुला बिचाऱ्याला उगाच त्रास नको म्हणून मी बोललो नाही."

मग त्याने डबा आपल्याकडे ओढला. कडी काढली, टेबलाच्या कडेवर धरली, बोटाने उचलली आणि सोडली. ती पडली. परत उचलली, परत सोडली. किती वेळा ते मी मोजले नाही. नंतर तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "साठ वर्षं मी या हाताकडे बघत जेवलोय, काने. घासागणिक." मी टेबलावर डोके टेकवले. त्याने मला ऊठ म्हटले नाही.

त्याने कडी खाली ठेवली आणि नोटरीसाहेबांना विचारले, "नववं कलम मोकळं आहे ना? त्यात लिहा, कडी मला."

साहेब म्हणाले, "कुझेसाहेब, मग तुम्हाला साक्षीदार राहता येणार नाही. घेणारा आणि साक्षीदार एकच चालत नाही."

"मग खोडा माझं नाव," मुनेओ म्हणाला. "फार वर्षं झालो साक्षीदार."

त्याप्रमाणे कलम ९ पुरे केले आहे: कडी कुझे मुनेओ यांना, आजच, माझ्या मरणाची वाट न पाहता. कचेरीतल्या माणसांना साक्षीदार होता येत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरचे न्हावी सुगिउरा यांना गळ घातली. ते गिऱ्हाईक अर्धे सोडून वर आले. त्यांच्यासाठी सगळे पुन्हा पहिल्यापासून वाचले गेले. दुसऱ्या वाचनाच्या वेळी मुनेओ जिन्यात जाऊन उभा राहिला.

निघताना त्याने कडी रुमालात गुंडाळून खिशात टाकली. जिन्यावर मी त्याचा हात धरायला गेलो, तो त्याने काढून घेतला. खाली रस्त्यावर पोचल्यावर मात्र थांबला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "परवा येईन. पुढच्या दाराने. दार उघडं ठेव, आणि खाली पाचर घाल."

पाचर मी अजून केलेली नाही. उद्या सकाळी करीन.

साक्षीदार पहिले: ~~कुझे मुनेओ~~ (नाव खोडले. कारण: कलम ९ अन्वये घेणारे.)
त्यांच्या जागी: सुगिउरा तोकुइची, न्हावी. सही व शिक्का.
साक्षीदार दुसरे: बान्नो इवाओ, टोफू विक्रेते. (कलम ४ मधील पेटी त्यांनी सही करण्यापूर्वी नाकारली. "पेटी राहू दे, साक्षीदार कमी पडायला नको," असे म्हणाले. त्यांच्या नावाची ती पेटी सातोकोबाईंकडे जावी.) सही व शिक्का.

मृत्युपत्र करणार: हिबिनो कानेजिरो. सही व शिक्का.

ठिकाण: नागोया. दिनांक: रेइवा पहिले वर्ष (२०१९), २४ सप्टेंबर.